अमामाचा संघ

एइबारमध्ये सपाट जमीन नाही. अमामाची कुठलीही गोष्ट इथून सुरू व्हायची. घरं अरुंद का, तर सपाट जमीन नाही. बायकांच्या पोटऱ्या घट्ट का, तर सपाट जमीन नाही. गावचा फुटबॉल संघ इतकी वर्षं लहानच का राहिला, याचंही तिच्याकडे हेच उत्तर. एगो नावाची एक चिंचोळी नदी घळीतून वाहते. त्याच घळीत रस्ता, रेल्वे, कारखाने आणि २७ हजार माणसं. मावेना ते सगळं डोंगराच्या अंगावर चढलेलं. आता नगरपालिकेने जागोजागी लिफ्ट आणि सरकते जिने बसवलेत, पण अमामा शेवटपर्यंत पायऱ्यांनीच चढली.

हा उत्तर स्पेनमधला बास्क मुलूख, गिपुस्कोआ प्रांत. एका अंगाला बिल्बाओ, दुसऱ्या अंगाला सान सेबास्तियान. दोन्ही शहरांचे संघ मोठे, नावाजलेले. तिकडे अॅथलेटिक, इकडे रेआल सोसिएदाद. मधल्या घळीत आमचं एइबार. इथल्या प्रत्येक माणसाचे दोन संघ असतात, एक स्वतःचा आणि दुसरा या दोन्हींपैकी एक. आमच्या घरात सासरे अॅथलेटिकचे आणि सासूबाई सोसिएदादच्या. अमामाला हे दोन-दोन संघ मुळीच पसंत नव्हते.

मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. नवरा मशीन टूलच्या कामासाठी पुण्यात आला होता, तिथे ओळख झाली आणि मी सून होऊन या घळीत आले. अमामा म्हणजे त्याची आजी, सासऱ्यांची आई. आजोबांना इकडे आइतिता म्हणतात. आइतिता मी पाहिले नाहीत. मला ते ठाऊक आहेत अमामाच्या तोंडून, आणि तिच्या तोंडून ते दर खेपेला थोडे निराळे यायचे. कधी ते उंच असायचे, कधी मध्यम. पण शनिवारी संध्याकाळी धुतलेला सदरा आणि बोटांना येणारा तेलाचा वास, एवढं मात्र प्रत्येक गोष्टीत सारखं.

पहिल्यांदा भेटलो तेव्हा अमामाने मला जात, पगार, स्वयंपाक यातलं काही विचारलं नाही. "पोरी, तुमच्याकडे फुटबॉल आहे का?" एवढंच विचारलं. मी शाहू स्टेडियम सांगितलं, पेठापेठांचे संघ सांगितले, पाटाकडील आणि दिलबहारच्या सामन्याला निम्मी दुकानं कशी बंद व्हायची ते सांगितलं. आमचे बाबा डबा घेऊन मॅचला जायचे, तेही सांगितलं. ती बराच वेळ ऐकत राहिली, मग उठून तिने मला आणखी एक वाडगा सूप वाढलं. खरं सांगायचं तर मलाही हे गाव लगेच ओळखीचं वाटलं. तळमजल्यावर लेथ, वर संसार, गल्लीत लोखंडाच्या किसाचा वास: एइबार म्हणजे डोंगरात कोंबलेलं आमचं उद्यमनगरच.

इथे शतकानुशतकं बंदुका बनल्या. म्हणून तर संघाच्या लोकांना 'आर्मेरोस' म्हणतात, बंदूक घडवणारे. कुणी नळी करायचा, कुणी चाप, कुणी लाकडाचा दस्ता, आणि हे सगळं वेगवेगळ्या घरांत. अर्धवट बंदूक पाटीत घालून पोरं या घरातून त्या घरात पोचवायची. तयार नळी सरकारी परीक्षागृहात नेऊन जास्तीची दारू भरून उडवायची, टिकली तर छाप मिळायचा. अमामाच्या लहानपणी तो दबलेला बार ऐकूनच किती वाजले ते कळायचं, असं ती म्हणे.

आइतिता नक्षी काढायचे. पोलादावर सोनं बसवायची इथली कला आहे. एकोणिसाव्या शतकात प्लासिदो सुलोआगा यांनी ती नावारूपाला आणली. त्यांचा मुलगा इग्नासिओ पुढे मोठा चित्रकार झाला, तोही याच गावात १८७० साली जन्मला. आइतितांचं एक काम आमच्या घरी आहे, बंदुकीवरचं नाही, कागद कापायच्या साध्या सुरीवरचं. अमामाने एकदा ती माझ्या हातात दिली आणि भिंग आणून ठेवलं. आधी पोलाद धारदार हत्याराने आडवं-उभं इतकं बारीक ओरखडायचं की पृष्ठभाग बोटाला खरखरीत लागावा. त्या ओरखड्यांत सोन्याची केसासारखी तार दाबत दाबत बसवायची, डोळे मिटून-उघडून. मग पोलाद काळं करायचं. भिंगातून पाहिलं तर द्राक्षाच्या पानाची एक शीर मध्येच तुटलेली दिसते. "त्या दिवशी तुझा सासरा जन्मला," अमामा म्हणाली. सासरे म्हणतात तसं काही नाही, ते रविवारी जन्मले आणि रविवारी आइतिता काम करत नसत.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या सैन्याला पिस्तुलं पुरवून गावात पैसा आला, आणि युद्ध संपताच ऑर्डरी थांबल्या. मग ज्या हातांना नळी सरळ करता यायची त्यांनी सायकलीच्या नळ्या केल्या. ओर्बेआ, बेइस्तेगी बंधू ही सायकलीची नावं मूळची बंदुकांची. १९२० साली कामगारांनी स्वतःचं भांडवल घालून आल्फा ही सहकारी कंपनी काढली. आधी बंदुका, मग शिलाई यंत्रं. अमामा त्याच कारखान्यात लागली, लग्नाआधीपासून. ड्रिलवर बसायची. तिच्या डाव्या तर्जनीचं नख कायम दुभंगलेलं होतं, त्याची कथा ती कुणाला सांगत नसे.

या गावाच्या स्वभावाची एक गोष्ट तिला तिच्या आईने सांगितली होती. १४ एप्रिल १९३१ च्या पहाटे एइबारने नगरपालिकेच्या सज्ज्यावर प्रजासत्ताकाचा तिरंगी झेंडा लावला. माद्रिदने लावायच्या कितीतरी तास आधी, सगळ्या देशात पहिल्यांदा. रात्रभर माणसं चौकात निवडणुकीच्या बातमीची वाट पाहत उभी होती. प्रजासत्ताकाने नंतर गावाला 'अत्यंत आदर्श नगरी' असा किताब दिला. अमामा तेव्हा अंगावर पिणारी होती. तिच्या आईने तिला शालीत गुंडाळून चौकात नेलं होतं, की नेणार होती आणि पाऊस आला, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत.

पुढचं ती सलग कधीच सांगत नसे. यादवी सुरू झाली, सप्टेंबर १९३६ मध्ये फ्रँकोचं सैन्य गावाच्या वेशीशी येऊन थांबलं आणि सात महिने आघाडी तिथेच राहिली. २५ एप्रिल १९३७, रविवार. विमानं आली. दुसऱ्या दिवशी गेर्निकावर आली तीच मोहीम. गेर्निका जगाला ठाऊक आहे, एइबार नाही. मधलं गाव जळून, कोसळून गेलं. अमामा आठ वर्षांची. तिच्या आईने बिल्बाओकडे पळताना हातगाडीवर शिलाई यंत्राचं डोकं घातलं होतं, ते लोखंडाचं ओझं. शेजारीण ओरडली म्हणे, गादी घे, पांघरूण घे. आईने यंत्र सोडलं नाही. पुढची तीन वर्षं त्या यंत्रावर घर चाललं. ते आजही सासऱ्यांच्या बैठकीत आहे, त्यावर फुलदाणी ठेवलेली असते.

संघाचा जन्म या ढिगाऱ्यातला. ३० नोव्हेंबर १९४०. त्या दिवशी सान आंद्रेसचा सण, गावच्या मोठ्या चर्चच्या संताचा. रस्ते अजून नीट झाले नव्हते, कित्येक घरांतली माणसं तुरुंगात किंवा परदेशात, आणि खायला मक्याची भाकरी मिळाली तर चैन. अशात गावातले दोन छोटे संघ एकत्र आले, देपोर्तिवो गायो आणि युनिओन देपोर्तिवा एइबारेसा. मी अमामाला विचारलं होतं, पोटाला नाही आणि फुटबॉल कसला? तिने शेंगा सोलता सोलता उत्तर दिलं: "त्या वेळी चार माणसं एकत्र उभी राहिली की शिपाई यायचे. अकरा माणसांना एकत्र उभं राहायची परवानगी फक्त तिथे होती."

निळ्या-लाल पट्ट्यांच्या सदऱ्याचीही एक गोष्ट आहे. हा बार्सिलोनाचा रंग, बास्क गावाचा नव्हे. सदरे घ्यायला पैसे नव्हते आणि प्रांताच्या फुटबॉल महासंघाने दिले ते बार्सिलोनाच्या रंगाचे होते, असं इथे सगळे सांगतात. आइतितांच्या सांगण्यात एक भर होती. त्या पहिल्या सदऱ्यांपैकी दोन-तीन धुतल्यावर आकसले आणि गोलरक्षकाच्या बहिणीने बाह्यांना पट्ट्या जोडून दिल्या. हे मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही, पण शिवणाऱ्या बायकांच्या गावात हे न घडतं तरच नवल.

आणि इपुरुआ. १४ सप्टेंबर १९४७ ला मैदान सुरू झालं. डोंगरात एक पायरी खणून काढावी तसं ते आहे. रविवारी आइतिता कुदळ घेऊन जायचे, असं अमामाचं म्हणणं. सासरे हळूच सांगतात की खोदाई कमी आणि नंतरची वाइन जास्त असणार. काही असो, एवढी सपाट जागा गावात तेव्हा फुटबॉलसाठी राखली गेली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. कारखान्याला जागा मिळत नव्हती, घरांना मिळत नव्हती, आणि लोकांनी ती खेळाला दिली.

पुढे मैदानाच्या कडेने इमारती उठल्या, उंच, एकमेकींना खेटून. तिथल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर अमामाची धाकटी बहीण राहायची. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन्ही गोल दिसतात, फक्त जवळचा कॉर्नर दिसत नाही. सामन्याच्या दिवशी सगळं घर तिथे जमायचं. मी इथे आले तेव्हा संघ तिसऱ्या पायरीवर घसरलेला होता. १९५३ ते ५८ अशी पाच वर्षं दुसऱ्या विभागात, मग मोठा काळ खाली, मग १९८८ पासून सलग अठरा हंगाम पुन्हा दुसऱ्या विभागात, आणि परत पडझड. पण खिडकीतली गर्दी त्याने कमी-जास्त होत नसे.

खिडकीशी बसायचा क्रम ठरलेला होता. वयस्कर पुढे, पोरं मांडीवर, सुना मागे उभ्या. चुलीवर, म्हणजे गॅसवर, तोलोसाच्या काळ्या घेवड्याचं भांडं. घेवडा रात्री भिजत घालायचा, सकाळी गार पाण्यात चढवायचा, मंद आचेवर तीन तास. उकळी फुटू लागली की वरून वाटीभर गार पाणी घालून घेवडा 'दचकवायचा', म्हणजे साल फुटत नाही आणि रस दाट होतो. तीनदा दचकवायचा. अमामा हे घड्याळ पाहून करत नसे. पहिलं पाणी संघ मैदानात आला की, दुसरं मध्यंतराला, तिसरं एइबारने गोल केला की. गोल झाला नाही तर पंचाहत्तराव्या मिनिटाला. सोबत कोबी, चोरिसो, रक्ताचं सॉसेज, आणि इबार्राच्या लोणच्याच्या हिरव्या मिरच्या. या मिरच्या तिखट नसतात. माझ्यासाठी अमामाने कुठून तरी लाल सुकी मिरची पैदा केली आणि डब्यावर माझं नाव लिहून फडताळात ठेवली.

बाहेर बहुधा सिरिमिरी. भुरभुर पाऊस, छत्री उघडावी की नाही असा. मैदानात लोक टोप्या घालून, हातात वाफाळतं सूप घेऊन उभे. तिकडे एका कोपऱ्यात स्कॉटलंडचे निळे झेंडे आणि बॅगपाइप; रग्बीच्या सामन्यांना स्कॉटलंडला जाऊन आलेल्या पोरांनी काढलेला हा गट, एस्कोसिया ला ब्रावा. अमामाला ते फार आवडायचे. बॅगपाइप वाजला की ती भांड्यावर डाव आपटून ताल धरायची.

त्या खिडकीतून घरच्यांनी काय काय पाहिलं! २००० च्या हंगामात सोसिएदादने एक काटकुळा मुलगा थोड्या महिन्यांसाठी उसना दिला होता, शाबी आलोन्सो. अमामाची बहीण म्हणायची, हा पोरगा चेंडू पाठवायच्या आधी मान वर करून बघतो, बाकीचे खाली बघतात. २००४-०५ मध्ये वालेन्सियाहून डावखुरा दाविद सिल्वा आला. बुटका, जेमतेम एकोणीस वर्षांचा. चिखलात इतरांचे पाय रुतायचे आणि हा वरून चालायचा, असं सासरे सांगतात. त्या वर्षी होसे लुइस मेंदिलिबार प्रशिक्षक होते, संघ चौथा आला. वर जायला तिघांनाच जागा. २०१० साली स्पेनने विश्वचषक जिंकला तेव्हा आलोन्सो आणि सिल्वा दोघेही त्या संघात होते. अमामाने टीव्हीकडे बोट करून सांगितलं, "ते दोघं आमच्या चिखलातले."

डिसेंबर २०१२ ला तिसऱ्या पायरीवरच्या या संघाने राजाच्या चषकात बिल्बाओच्या अॅथलेटिकला घरी पाठवलं. त्या रात्री सासरे जेवले नाहीत. अमामा मुलाच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि डोळ्यांनी हसत होती. पुढच्या उन्हाळ्यात संघ दुसऱ्या विभागात चढला आणि त्याच्या पुढच्या, २५ मे २०१४ ला, इपुरुआवर अलावेसला १-० हरवून थेट पहिल्या विभागात. प्रशिक्षक गाइस्का गारितानो. मेस्सी आणि रोनाल्डो खेळायचे त्या विभागात. मैदानात तेव्हा जेमतेम पाच हजारांची सोय. चौकात लोक रडत होते, म्हातारी माणसं अनोळखी पोरांना मिठ्या मारत होती.

आणि त्याच उन्हाळ्यात संघावर एक नोटीस लटकत होती. व्यावसायिक विभागातल्या क्लबचं भागभांडवल किती असावं याचा १९९९ चा एक कायदा होता. ते दुसऱ्या विभागातल्या क्लबांच्या सरासरी खर्चावरून ठरायचं. एइबारचं भांडवल ४ लाख २२ हजार युरो, आणि भर घालायची होती १७ लाख २४ हजारांची. ६ ऑगस्टपर्यंत जमलं नाही तर मैदानावर जिंकलेलं सगळं सोडून परत तिसऱ्या पायरीवर. क्लबवर कर्ज शून्य. जवळ असेल तेवढंच खर्च करायचं, हा त्यांचा सुरुवातीपासूनचा शिरस्ता. लाखांनी, कोटींनी देणी असलेले क्लब त्या कायद्यात बसत होते आणि हे बसत नव्हते. मला आजही हे लिहिताना राग येतो.

अमामाला राग आला तो वेगळ्या कारणाने. आइतितांचं मित्रमंडळ होतं, दर संध्याकाळी एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये छोट्या पेल्यातली वाइन घेत गाणी म्हणत फिरणारं. त्यांचा एक सामायिक डबा असायचा. निघताना प्रत्येकाने सारखे पैसे त्यात टाकायचे, प्रत्येक बारचं बिल त्यातून. डबा संपला की घरी. बारवाला उधार देतो म्हणाला तरी नाही. चाळीस वर्षं त्या लोकांनी कुणाचा एक पेसेटाही ठेवला नाही. "आणि आता मला सांगतात की उधारी नसणं हा गुन्हा आहे?" अमामा म्हणाली. त्यानंतर तिने आपली बिस्किटांची पत्र्याची पेटी बाहेर काढली.

एक शेअर ५० युरोचा. एका माणसाने १ लाखापेक्षा जास्तीचे घ्यायचे नाहीत, म्हणजे कुणी धनाढ्य येऊन गावचा संघ खिशात घालू नये. 'एइबारला वाचवा' अशी हाक जगभर गेली, आलोन्सोसारखे जुने खेळाडू पाठीशी उभे राहिले. मी अमामाला घेऊन क्लबच्या कचेरीत गेले होते. तिने सणाचा गडद निळा झगा घातला होता आणि पर्स दोन्ही हातांनी धरली होती. ओळीत पुढे एक सायकलच्या कपड्यातला तरुण, मागे नातवाला कडेवर घेतलेले आजोबा. टेबलामागच्या मुलीने विचारलं, किती? अमामाने पर्समधून पाकिटं काढली, एकेका नातवंड-पतवंडाच्या नावाचं एकेक, आत पन्नासची नोट, घडी घालून घालून मऊ झालेली. मुलगी नावं लिहून घेत होती आणि अमामा प्रत्येक स्पेलिंग वाकून तपासत होती. शेवटच्या पाकिटावर नाव नव्हतं. ते तिने माझ्याकडे सरकवलं. "हे तुझ्या वडिलांचं. शाहू स्टेडियमवाल्यांचं."

अशा रीतीने कोल्हापुरात मंगळवार पेठेत एइबारचा एक भागधारक झाला. पन्नास युरो म्हणजे तेव्हाचे चार हजार रुपये. बाबांनी ते परत द्यायची फार खटपट केली, अमामाने मनावर घेतलं नाही. जुलैमध्येच रक्कम पुरी झाली. पन्नासहून जास्त देशांतून लोकांनी शेअर घेतले होते.

२४ ऑगस्टला पहिल्या विभागातला पहिला सामना, इपुरुआवरच, समोर शेजारचे रेआल सोसिएदाद. सासूबाईंची पंचाईत. मध्यंतर व्हायला आलं असताना हावी लाराने फ्री किक मारली, भिंतीवरून वळली आणि आत. १-०, आणि शेवटपर्यंत तेवढंच. भर ऑगस्टात घेवडा कुणी शिजवत नाही, त्या दिवशी शिजला होता. सासूबाईंनी स्वतः तिसरं पाणी घातलं.

त्या हंगामाच्या पहिल्या निम्म्यात २७ गुण, दुसऱ्या निम्म्यात फक्त ८. संघ अठरावा आला, म्हणजे खाली. आणि मग एल्चेला देण्यांपायी खालच्या विभागात ढकललं गेलं आणि एइबार वर राहिलं. नवऱ्याने वाइनची बाटली आणली. अमामाने ती उघडू दिली नाही. एल्चेतही कुणाच्या तरी खिडकीशी म्हाताऱ्या बसत असतील, त्यांच्या पोरांनी तर गोल केले होते, असं म्हणाली, आणि आम्ही सगळे गप्प जेवलो. बाटली मेंदिलिबार परत प्रशिक्षक म्हणून आले त्या दिवशी उघडली.

त्यांच्याबरोबर पुढची सहा वर्षं. जपानचा ताकाशी इनुई आला आणि इपुरुआच्या पायऱ्यांवर जपानी पाहुणे फोटो काढताना दिसू लागले. २०१६ मध्ये आमाइया गोरोस्तिसा क्लबच्या अध्यक्ष झाल्या. आयुष्यभर पुरुष फोरमनच्या हाताखाली ड्रिल चालवलेल्या अमामाने तो वर्तमानपत्रातला फोटो कापून फ्रिजवर लावला. २०१७-१८ ला संघ नववा आला. तो हंगाम अमामाने पुरा पाहिला नाही. फेब्रुवारीत ती गेली, अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन.

त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला, शनिवारी दुपारी, एइबारने रेआल माद्रिदला ३-० हरवलं. एस्कालांते, एन्रिच, कीके. खिडकीशी पुढची खुर्ची आम्ही रिकामी ठेवली नव्हती. तिथे माझी मुलगी बसली होती, अमामाच्या बहिणीच्या मांडीवर. तिसऱ्या गोलनंतर कुणीतरी ओरडलं की पाणी किती घालायचं, गोल तर तीन झाले! भांडं तसंच राहिलं आणि घेवडा तळाला लागला. लागलेला घेवडा सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला.

२०२१ मध्ये सात हंगामांनंतर संघ खाली आला. त्यानंतर वर जायचा घास दोनदा शेवटच्या दिवशी तोंडाशी येऊन गेला. ते सविस्तर लिहायची माझी इच्छा नाही. सासरे अॅथलेटिकचे, पण खाली आल्याच्या आठवड्यात जाऊन त्यांनी सगळ्या घराची सभासदत्वं नवी केली, कार्डं टेबलावर पत्त्यांसारखी वाटली आणि आपलं सगळ्यात वर ठेवलं.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचं शेअरचं कागदपत्र काचेच्या कपाटात पाटाकडीलच्या जुन्या ग्रुप फोटोशेजारी आहे. सासरे आणि ते व्हिडिओ कॉलवर बोलतात. एकाला मराठी नाही, दुसऱ्याला स्पॅनिश नाही. खेळाडूंची नावं, आकडे आणि हातवारे एवढ्यावर त्यांचा अर्धा तास जातो. मध्येच बाबा मला हाक मारतात, पंचाचं काहीतरी विचारायला. परवा विचारत होते, रविवारचा सामना किती वाजता. मी म्हटलं, इकडे दुपारी दोन, तुमच्याकडे संध्याकाळी साडेसहा.

"साडेसहा? मग तुझ्या आईला दिवाबत्ती आधी उरकायला सांगतो," ते म्हणाले. "आणि व्याह्यांना विचार, तो डावा बॅक बरा झाला का."